बेडूक सरळ जाईपर्यंत

३ फेब्रुवारी, सोमवार

आज टेबलाखालचं खोकं बाहेर काढलं. ह्यांना जाऊन अडीच महिने होतील. इतके दिवस मी त्या खोक्याच्या कडेकडेने केर काढत होते.

ह्यांची नोकरी विजेचे मीटर तपासायची, पण जीव जुन्या व्हिडिओ गेमच्या रिमोटांत. बाजारामागच्या गल्लीत गेमवाल्यांचं दुकान आहे. पोटं सुटलेली, केस विरळ झालेली माणसं तिथे लहानपणीचे खेळ खेळायला येतात. त्या खेळांची यंत्रं आता कोणी बनवत नाही, त्यांचे रिमोटही नाहीत. रिमोटच्या मधोमध अंगठ्याने फिरवायची जॉयस्टिक असते. ती झिजली की खुळखुळते आणि पडद्यावरची गाडी भलतीकडेच जाते. आमच्या घरात तिला दांडी म्हणतात. अशा दांडी गेलेल्या रिमोटांनी खोकं भरलेलं आहे.

सकाळी गेमवाले आले होते. म्हणाले, "घाई नाही हो वहिनी. पण एकेका रिमोटवर चौघं खेळतायत. काल दोघांची जुंपली. त्यातला एक वकील आहे."

मी म्हटलं, आहेत तसे घेऊन जा. तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, "अर्धवट काम या घरातून बाहेर जात नाही, म्हणावं."

"मग करणार कोण?" गेमवाल्यांनी विचारलं.

सासूबाई दारात आल्या आणि हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "ही. जन्मभर लोकांच्या शिरा शोधल्यात हिने. एक दांडी बसवता येणार नाही?"

मी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होते. माझा हात थरथरत नाही हे खरं आहे. पण माझं कौतुक करायचं तर दुसऱ्याकडे बघून, ही सासूबाईंची रीत. लग्न झाल्यापासून आम्ही दोघी एकमेकींशी ह्यांच्यामार्फतच बोलत आलो. भांडण नव्हतं, सवय होती. "तिला म्हणावं, दूध उतू जातंय," असं त्या मला ऐकू येईल अशा आवाजात ह्यांना सांगायच्या. हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता "दूध" एवढंच म्हणायचे. आता मधला माणूस नाही.

संध्याकाळी धाकट्याचा, म्हणजे माझ्या भावाचा फोन. त्याने त्याच्या घरातली मागची खोली माझ्यासाठी रंगवून घेतली आहे. "ताई, कधी येतेस?" म्हटलं, खोकं रिकामं झालं की येते. सासूबाई वन्संकडे, त्यांच्या लेकीकडे जातील. असं ठरलं आहे. कोणी ठरवलं ते आठवत नाही.

मी मुळात कमी बोलते. जे बोलायचे ते ह्यांच्याशी. ते आता इथे लिहावं म्हणून बसले.

५ फेब्रुवारी

पहिला रिमोट उघडला. मागचे स्क्रू काढले की शिंपल्यासारखं कवच सुटतं. आत दांडीची वेगळी डबी असते. दांडीचा पाय प्लास्टिकच्या लहानशा वाटीत टेकलेला असतो. अंगठा फिरला की पाय वाटीत घासतो. वर्षानुवर्षं घासून पाय झिजतो, वाटी झिजते आणि आत पांढरी पूड साठते. मी ती कापसाने पुसली. एवढी पूड म्हणजे कुणीतरी किती खेळलं असेल, याचा विचार करत राहिले.

डबी उघडताना स्प्रिंग टणकन उडाली. मी खुर्चीखाली, टेबलाखाली चाचपडत होते. सासूबाई पलंगावरून बघत होत्या.

"गेली?"

"गेली."

"त्याची रोज जायची. कपाटाखाली बघ. सगळ्या स्प्रिंगांचं माहेर तिथे आहे."

कपाटाखाली चार निघाल्या. माझी कुठली ते ओळखता येईना. सगळ्या सारख्याच होत्या, तरी मी उगाचच निवडत बसले.

८ फेब्रुवारी, शनिवार

ह्यांनी आणून ठेवलेल्यांतली नवी वाटी, नवी दांडी बसवली, वंगणाचा ठिपका दिला, झाकण लावलं. दोन स्क्रू उरले. पुन्हा उघडला. पुन्हा लावला तेव्हा एक उरला. तो बशीत ठेवून दिला आहे.

मग पुलाची परीक्षा. हा ह्यांचा नियम. शर्यतीचा एक खेळ आहे, त्यात बेडूक गाडी चालवतो. सुरुवातीला लांबलचक सरळ रस्ता, पुढे अरुंद पूल, दोन्हीकडे तळं. गाडी पळवायचं बटण दाबायचं आणि दांडीला बोट लावायचं नाही. दांडी नीट असेल तर बेडूक नाकासमोर पूल ओलांडतो, नसेल तर तळ्यात. परीक्षक सासूबाई. ह्यांनी स्वतः कितीदा तपासलं तरी सासूबाईंनी "सरळ" म्हटल्याशिवाय रिमोट घराबाहेर जायचा नाही. हे त्यांना "क्वालिटी साहेब" म्हणायचे.

सासूबाई उशीला टेकून बसल्या. "थांब, आधी मला धरू दे. मग यंत्र चालू कर." संधिवाताने त्यांचा अंगठा वाकलेला असतो, त्यामुळे दांडी जरा उजवीकडे कलवूनच धरली जाते. मी यंत्र चालू केलं. शर्यत सुरू झाली तेव्हा त्यांनी अंगठा उचलून मला दाखवला. "बघ हो, हात लावत नाहीये."

बेडूक थोडा सरळ गेला, मग डावीकडे कलत कलत पाण्यात पडला.

"बेडूकच तो," माझ्या तोंडून गेलं, "तळ्यात जाणारच."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "बेडका, तिला म्हणावं, जीभ चालते तसा हात चालव. पुन्हा उघड."

ह्यांच्या जागी आता बेडूक आला म्हणायचा.

१३ फेब्रुवारी

पाच रिमोट झाले. पाचही नापास.

काय चुकतंय कळत नाही. सासूबाई अंघोळीला गेल्या की मी एकटीच परीक्षा घेते. टेबलावर रिमोट ठेवते, यंत्र चालू करते, एका बोटाने बटण दाबते. बेडूक रेघ मारल्यासारखा पुलावरून जातो. त्यांच्या हातात दिला की डावीकडे. हातात धरल्याने आतली वाटी हलत असेल का? आज वाटीखाली कागदाची बारीक चकती घातली. तरी डावीकडे.

"माझं काही म्हणणं नाही," सासूबाई बेडकाला म्हणाल्या, "पण त्याने एवढ्यात दहा केले असते, म्हणावं."

"त्यांना शिकवायला कोणीतरी होतं, म्हणावं," मीही बेडकालाच सांगितलं.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. खोकला आला असावा.

धाकट्याचा फोन. "अजून एकही नाही? ताई, तू पदवीला पहिली आली होतीस ना?" मी म्हटलं, त्यात दांडी हा विषय नव्हता.

१७ फेब्रुवारी

आज काही केलं नाही. मीटर बघायला नवा माणूस आला होता. ह्यांच्या हाताखाली काही दिवस होता म्हणाला. मीटर जिन्यात आहे, दाराबाहेर. तरी त्याने मीटरसमोर चपला काढल्या आणि मग आकडा घेतला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

गेमवाले येऊन गेले. मी त्यांना खरं तेच सांगितलं की काम जवळजवळ सगळं झालंय पण एकही पास नाही. ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी मांडी घातली, एकेक रिमोट यंत्राला जोडला, चालू केला, बेडूक सोडला. सरळ. दुसरा, सरळ. सगळे सरळ! शेवटी तर बेडूक पुलावर एकाही कठड्याला न घासता गेला.

"वहिनी, हे भाऊंच्या हातचं आहे असं सांगितलंत तर मी मानेन."

ते ह्यांना भाऊ म्हणायचे. पाणी आणते म्हणून आत गेले.

परत आले तेव्हा ते दांडीचा मध्य समजावत होते. "यंत्र चालू होतं त्या क्षणी दांडी जिथे असेल, त्यालाच रिमोट मधोमध समजतो. कोणी कलती धरली असेल तर सोडल्यावर गाडी उलट्या बाजूला जाणार. नाहीतर ही तीन बटणं एकदम दाबली तरी तेच. दांडी तेव्हा जिथे, तिथे मध्य. चालू करताना कोणी हात लावत नव्हतं ना?"

मी म्हटलं, आमच्या परीक्षक जाणत्या आहेत, इतकी वर्षं हेच बघत आल्यात.

"मला बाई काय कळतंय त्यातलं," सासूबाई म्हणाल्या. "हातात देतात, मी धरते. म्हातारं माणूस."

गेमवाले मिशीत हसले. तसे ते हसतातच. त्यांचा मुलगा नापास झाला तेव्हाही हसत होते. मग त्यांनी बरेचसे रिमोट पिशवीत भरले. सासूबाईंनी "सरळ" म्हटलं नव्हतं, पण त्यांनी पिशवी अडवली नाही. ते गेल्यावर मात्र म्हणाल्या, "पुरुष माणसाला बेडूक घाबरतो. त्यात काय मोठंसं."

खोक्यात थोडेच उरले आहेत. गेमवाल्यांनी जाता जाता विचारलं की आणखी पाठवू का. मी नको म्हटलं, मी जाणार आहे. सासूबाई तेव्हा औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचत होत्या. चष्मा टेबलावर होता.

संध्याकाळी मी त्यांना दांडीच्या मध्याचं सगळं पुन्हा नीट समजावलं, चित्र काढून. त्यांनी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं. "असं असतं होय," म्हणाल्या. शिकायची हौस या वयातही आहे, हे मानलं पाहिजे.

२५ फेब्रुवारी

आता यंत्र चालू करताना सासूबाई दोन्ही हात वर धरतात, पोलिसांनी पकडल्यासारखे. नंतरच रिमोट घेतात. बेडूक आज उजवीकडे गेला.

म्हणजे आधीचा दोष मी प्रमाणाबाहेर दुरुस्त केला असणार.

त्यांनी बोटांचा नवा व्यायामही सुरू केला आहे. रिमोट हातात घेतला की तीन बोटं एकदम दाबून धरतात आणि सोडतात. सांध्यांना बरं असतं म्हणे. मी म्हटलं, "आई, सकाळी करा ना, परीक्षेच्या वेळी कशाला?"

"तेव्हाच आखडतात," त्या म्हणाल्या.

लिहिताना लक्षात आलं, आज दिवसभरात एकदाही बेडकाला मध्ये घातलं नाही.

२ मार्च, रविवार

धाकटा आज फोनवर ऐकेना. पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाला. त्याच्या मित्राचा आहे, त्या दिवशी रिकामा असतो. मी म्हटलं, दोन रिमोट राहिलेत. तो म्हणाला, "ताई, नासाचं यान सोडायला एवढा वेळ लागत नाही."

सासूबाई शेजारीच वाटाणे सोलत होत्या. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "नऊ तारखेला येतोय तो."

"येऊ दे की. भाऊच आहे." मग थोड्या वेळाने, "वाटाणे किडके निघाले सगळे." मी ताटात पाहिलं. चांगले होते.

इथे खरं लिहायचं म्हणून लिहिते. मला वाटलं होतं, त्या काहीतरी म्हणतील. काय म्हणतील अशी अपेक्षा होती ते मलाही सांगता येणार नाही. लेकच गेल्यावर सुनेचं ओझं कोणाला हवं असतं? त्या रोज नापास करतात त्याचा अर्थ मी एवढाच घेते की लेकाच्या कामाला माझा हात लागलेला त्यांच्या मनाला येत नसावा. तेही बरोबरच आहे.

४ मार्च

तळाचे दोन रिमोट. एक गेमवाल्यांचा, तो झाला. (उजवीकडे. उद्या पुन्हा बघेन.) दुसरा ह्यांचा स्वतःचा.

मला वाटलं होतं तो त्यांनी कधीच दुरुस्त केला असेल. दुसऱ्यांचे करता करता राहिला. दांडी मान टाकलेल्या कोंबडीसारखी लोळते आहे. टोकावरच्या खाचा पार गुळगुळीत झाल्या आहेत आणि मधोमध अंगठा बसेल एवढा खळगा पडला आहे. मी माझा अंगठा ठेवून पाहिला. मोठा आहे खळगा.

नवी बसवायची म्हणजे ही काढायची. मी रिमोट उघडला आणि तसाच मिटला.

५ मार्च

आजही उघडून मिटला.

सासूबाईंनी विचारलं, "काय अडलंय?"

मी दांडी दाखवली. त्यांनी ती चष्म्याजवळ नेऊन पाहिली. मग म्हणाल्या, "जपून ठेवायला तो काय साधुपुरुष होता? दाढी करून आरसा पुसायचा नाही. काढ ती. त्याला मोडकी वस्तू घरात खपत नव्हती."

"टाकवत नाही हो, आई."

"तू काढ. टाकायचं मी बघते."

मी काढली. हात थरथरला नाही, पण डोळ्यांना दिसेनासं झालं म्हणून मध्येच थांबावं लागलं. सासूबाईंनी कापसाची गुंडाळी पुढे केली. डोळ्यांसाठी की पूड पुसायला ते विचारलं नाही, दोन्हीला वापरली. ह्यांच्या डबीत पूड खूप होती, आतापर्यंतच्या सगळ्यांत जास्त. "एवढा खेळायचा?" सासूबाई म्हणाल्या. "मला म्हणायचा, काम करतोय."

"मलाही," मी म्हटलं. आणि आम्ही दोघी हसलो. मोठ्याने हसलो. खाली कोणी ऐकलं असेल तर काय म्हटलं असेल!

जुनी दांडी मुठीत घेऊन त्या कचऱ्यात टाकायला स्वयंपाकघरात गेल्या. डब्याचं झाकण वाजल्याचं काही ऐकू आलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

ह्यांचा रिमोट झाला. एकही स्क्रू उरला नाही.

परीक्षा घेतली. सासूबाईंनी यंत्र चालू होईस्तोवर हात मांडीवर ठेवले. बोटांचा व्यायाम केला नाही. मी आठवण केली तर म्हणाल्या, "आज सांधे बरे आहेत." बटण दाबलं. बेडूक निघाला, सरळ रस्ता, सरळ पूल. पुलाच्या पलीकडे वळण आहे, तिथे त्यांनी दांडीला हात लावलाच नाही, त्यामुळे तो पलीकडच्या झाडावर जाऊन आदळला. त्या त्याच्याकडे बघत बसल्या.

"सरळ," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"सरळ म्हटलं ना. तो दुसराही आण." तोही सरळ गेला. "झालं तुझं काम. चांगलं झालं."

शेवटी का होईना, मला ते बसवता आलं. आनंद व्हायला हवा. रात्री सासूबाई अर्धीच पोळी खाऊन उठल्या. पोट बरं नाही म्हणाल्या. मीही फार जेवले नाही. वाटाण्याचंच असेल, किडके होते म्हणत होत्याच त्या.

९ मार्च, रविवार

सगळं सविस्तर लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

धाकटा सकाळीच टेम्पो घेऊन आला. चहा घेतला. मी आतल्या खोलीत बॅगा बांधत होते. बाहेर सासूबाई त्याला म्हणाल्या, "आलास तसा एक डाव खेळून जा. की हरायची भीती वाटते?" त्याला असं म्हटलं की तो थांबतोच, लहानपणापासून. त्याने हे खेळ शाळा बुडवून खेळलेले आहेत. दोघे बसले. मला नुसतं ऐकू येत होतं.

"मावशी, माझी गाडी तळ्यात का जातेय?"

"तुला येत नाही म्हणून."

"अहो, मी हातसुद्धा... थांबा. मघाशी मला रिमोट देताना काय दाबलंत तुम्ही?"

"कुठे काय."

"मावशी! ही तीन बटणं! हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"लेकाने. मीटरवाल्यांच्या सगळ्या टोळीला हरवायचा असाच. कोणाला बोलू नकोस."

मग धाकटा इतका हसला की त्याला ठसका लागला. तीन बटणांचं काय प्रकरण होतं ते मला नीट कळलं नाही, मी तेव्हा चेनशी झटत होते. तो हसत हसतच आत आला.

"ताई, तुझे रिमोट या अशाच रोज नापास करायच्या?"

"हो. माझा हात बसायला वेळ लागला."

"आणि परवा पास केले?"

"केले. दोन्ही."

त्याचं हसू गेलं. तो माझ्या बॅगेवरच बसला. "म्हणजे त्यांनी सोडलं तुला," म्हणाला.

"सोडलं काय? माझा हात सुधारला."

तो माझ्याकडे बघत राहिला. लहानपणी मी त्याला गणित समजवायचे आणि त्याला कळायचं नाही, तेव्हा मी त्याच्याकडे तशी बघायचे. "ताई," तो म्हणाला, "तुला यायचंय का माझ्याकडे?"

"खोली रंगवलीस ना."

"खोलीचं सोड. तुला यायचंय का?"

आतापर्यंत कधी येतेस, कशी येतेस, सामान किती, हे सगळं विचारून झालं होतं. हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "त्यांना विचार."

तो बाहेर गेला. "मावशी, ताईला नेऊ का?"

"मला काय विचारतोस? तिला विचार."

"ती म्हणते तुम्हाला विचार."

"मग तिला म्हणावं..."

"मी नाही म्हणणार!" धाकटा ओरडलाच. "मी टेम्पो घेऊन आलोय, पोस्टमन नाही. तुम्ही दोघी एका घरात आहात. बोला!" आणि तो जिन्यात जाऊन उभा राहिला. दार ओढून घेतलं.

मी बाहेरच्या खोलीत आले. सासूबाईंनी टीव्ही बंद केला. बेडूकही नाही.

"जायचंय तुला?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला वन्संकडे जायचंय?"

"तिच्याकडे मांजर आहे."

"म्हणजे नाही?"

"आधी मी विचारलंय."

मी नुसती मान हलवली. मग तोंडाने म्हटलं, "नाही जायचं."

"मग बॅगा कशाला भरल्यास?"

"तुम्ही राहा म्हणाला नाहीत."

"कुठल्या तोंडाने म्हणू? माझा मुलगा गेला, त्याच्यामागे तुला इथे बांधून ठेवू? तुला भाऊ आहे, रंगवलेली खोली आहे. माझ्याकडे काय आहे? गुडघे." त्यांनी पदराने चष्म्याची एकच काच पुसली आणि तो तसाच डोळ्यांवर चढवला. "म्हणते आता. राहा. ऐकू आलं ना? की बोलावू त्याला आत, सांगायला?"

"ऐकू आलं," मी म्हटलं.

"मग उभी काय राहिलीस? भावाला आत घे. जिन्यात डास आहेत."

धाकट्याला सांगितलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारला, पण रागावला नव्हता. मी खोलीबद्दल काहीतरी म्हणायला लागले तर म्हणाला, "सुट्टीत येऊन राहा. दोघी या. रंग काही उडून जात नाही." त्याची पंचाईत टेम्पोची होती. मित्राला सामान आणतो म्हणून सांगितलं होतं. रिकामा नेला तर जन्मभर चिडवेल.

सासूबाईंनी खोलीभर नजर फिरवली. "हा सोफा ने."

"सोफा?"

"दोन्ही टोकांना फुगलाय, मध्ये खचलाय. बसलं की माणसं एकमेकांच्या अंगावर येतात. हिला पहिल्या दिवसापासून आवडत नाही."

मी कधी एका शब्दाने बोलले नव्हते. ह्यांच्याजवळसुद्धा नाही. त्यांना कसं कळलं, कोण जाणे. धाकटा आणि खाली थांबलेला टेम्पोचा ड्रायव्हर तो सोफा आडवा-उभा करत, जिन्याच्या प्रत्येक वळणावर शिव्या घालत खाली घेऊन गेले. सासूबाई वरून कठड्याला धरून "डावीकडे! अरे डावीकडे!" असं ओरडत होत्या.

दुपारी आम्ही जमिनीवर चटई टाकून बसलो. खोली केवढी मोठी दिसते. गेमवाल्यांना फोन करून सांगितलं, असतील ते रिमोट पाठवा. ते म्हणाले, पिशवी भरूनच ठेवली होती. का भरून ठेवली होती ते काही बोलले नाहीत.

उद्या खुर्च्या बघायला जायचं आहे, दोघींनी. सासूबाईंना हात असलेल्या हव्यात, मला बिनहाताच्या. तासभर वाद झाला, समोरासमोर. शेवटी त्या म्हणाल्या, दुकानात जाऊन काय ते ठरवू. म्हणजे हाताच्याच येणार.